मायाप्पाचा फेर

हिवरमाळ नावाचं एक गाव आहे. गाव कसलं, नुसता माळ आहे आणि त्यावर चार घरं चुकून राहून गेलीत, असं पाहुणे म्हणतात. नांगर घातला तर खडकावर आपटतो, विहिरीला दोर पुरत नाही, आणि सावली हवी असेल तर हिवराखालचे काटे झाडून बसावं लागतं. तिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि मेंढरांपेक्षा वारा जास्त. या गावात दसऱ्याला बिरोबासमोर गजी नाच होतो. त्याचा शेवटचा फेर बघून नवखा माणूस हमखास हसतो. मग शेजारची एखादी म्हातारी त्याच्याकडे अशी काही बघते, की त्याचं हसू जागच्या जागी वाळून जातं.

त्या फेराची ही गोष्ट. कधीची, ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. बिरोबाला अजून भिंती नव्हत्या, नुसता चौथरा होता, तेव्हाची; एवढं मात्र सगळे सांगतात.

तेव्हा मायाप्पा नावाचा एक धनगर गावात राहत होता. मेंढरं इतरांएवढीच, खोपट इतरांसारखंच, अंगानं काटकुळा. पण त्याच्या हातात रुमाल आले आणि ढोलावर काठीचं टिपरू पडलं, की तो माणूस निराळाच व्हायचा. गजी नाच म्हणजे मधोमध ढोल, भोवती पुरुषांचं रिंगण, अंगात घोट्यापर्यंतचा पांढरा अंगरखा, डोईला तांबडा फेटा आणि दोन्ही हातांत रुमाल. ढोल बोलेल तसं रिंगण वाकतं, उठतं, गिरकी घेतं. मायाप्पा त्या रिंगणाचा म्होरक्या. तो नाचताना पायाखालची धूळ उडत नसे, असं म्हणतात. मेंढरं रवंथ करायची थांबत आणि वर फिरणारी घार एका जागी टांगल्यासारखी राही, असंही म्हणतात. घारीचं सोडून द्या. मेंढरांचं मात्र खरं असावं, कारण ते त्याची बायको तानू सांगायची, आणि तानूला नवऱ्याचं उगाच कौतुक करायची सवय नव्हती.

दसरा झाला की हिवरमाळचे कळप कोकणच्या वाटेला लागत आणि वळवाच्या सुमाराला परत येत. निघायच्या दिवशी देवासमोर रिंगण धरायचं. रिंगण जसं पार पडेल तसा कळप जाईल आणि येईल, ही गावाची पक्की समजूत. म्हणून एक नेम होता. नाचता नाचता ज्याच्या हातातला रुमाल भुईला लागला, त्याची सेवा देवानं नाकारली. त्यानं गुमान रिंगणाबाहेर जायचं, हिवराखाली बसायचं, आणि बाकीच्यांनी सरकून त्याची जागा भरून काढायची. वाद नाही, विनवणी नाही. धडधाकट गडी त्या हिवराखाली गुडघ्यांत डोकं घालून रडलेले गावानं पाहिले होते. मायाप्पाचा रुमाल कधीच पडला नव्हता.

आणि एका भाद्रपदात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला.

तानूनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चक्क हसली. मेंढी पिळून तो ओट्याला टेकला होता, हात मांडीवर निवांत पडला होता, आणि अंगठा तेवढा शेजारच्या बोटावर आपसूक फिरत होता.

"काय वाती वळताय व्हय?" ती म्हणाली.

मायाप्पानं हात झटकन घोंगडीखाली नेला. "गारठलाय," तो म्हणाला. बाहेर ऊन असं रणरणत होतं, की कुत्रीसुद्धा खोपटात शिरली होती.

त्या दिवसापासून तानूच्या जिवाला घोर लागला. अंगठ्यावरून ती थरथर मनगटात आली, मनगटावरून कोपरात. चरवीतलं दूध हिंदकळायचं. भाकरी मोडताना तुकडे भलतीकडे उडायचे. तो एकटा बसला की उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवायचा, एखादं खोडकर पिल्लू धरावं तसा. तानूनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, काळा दोरा बांधला, बिरोबाला नारळ बोलली. हात काही ऐकेना.

दसऱ्याच्या सकाळी अंगरख्याचे बंद तिलाच बांधावे लागले. "रुमाल पडंल," ती हळूच म्हणाली.

"पडला तर बाहीर बसीन. सारीच बसत्यात कवातरी," मायाप्पा म्हणाला. रिंगणाबाहेर मायाप्पा कोण होता? काटकुळा धनगर. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तानूलाही.

ढोल केरबाचा. केरबा आणि मायाप्पा लंगोटीयार; एकानं वाजवावं आणि दुसऱ्यानं नाचावं, असं लहानपणापासून ठरून गेलेलं. केरबानं एका हातानं टिपरू टाकलं, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं थाप दिली, रिंगण फिरू लागलं. मायाप्पानं उजवा हात वर नेला आणि तो खांद्यापासून बोटांपर्यंत असा थरथरायला लागला, की रुमाल सुटत सुटत बोटांच्या टोकाशी आला. तानूनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पुजारी हैबती ओरडला, "देव आला! आरं, बिरोबा आला अंगात! पाया पडा!"

आता यात हैबतीचं फार चुकलं, असंही म्हणता येत नाही. देव अंगात आला की माणूस थरथरतो, हे गावानं पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. मग थरथरणारा माणूस म्हणजे देव, एवढा सरळ हिशेब. अख्खं गाव भुईवर पालथं पडलं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत लोकांनी मुठी भरभरून भंडारा उधळला आणि त्या पिवळ्या धुळीत मायाप्पाचा रुमाल खाली पडला, तो कुणालाच दिसला नाही. तानूला दिसला. तिनं तो उचलला आणि पदराखाली लपवला.

त्या दिवसापासून मायाप्पा देव झाला. चौथऱ्यावर घोंगडी अंथरून लोकांनी त्याला बसवलं. त्याची मेंढरं दुसऱ्यांनी आपल्या कळपात घेतली, देवानं का मेंढरं राखायची असतात? लोक कौल लावायला येऊ लागले. उजवा हात हलला की देवाचा होकार, असं हैबतीनं ठरवून दिलं. आणि हात तर सदाच हलायचा. त्यामुळं हा देव कुणालाच नाही म्हणत नसे, आणि असा देव कुणाला नको असतो? शेजारच्या वाड्यांवरूनही माणसं यायला लागली. तानूच्या खोपटात जोंधळ्याचं कणगं भरलं. नारळ ठेवायला जागा उरली नाही. कालपर्यंत पाणवठ्यावर हुज्जत घालणाऱ्या बाया आज तिच्यासाठी बाजूला सरायच्या. तानूला ते सुख बोचत होतं आणि आवडतही होतं. आजारी नवऱ्याला कोण पोसतं? देवाला मात्र सगळे पोसतात. रुमालाचं ती कुणाला बोलली नाही.

पण देव झालेल्या माणसाचे डोळे तिला बघवत नसत. केरबा कुठं ढोल घुमवायला बसला, की चौथऱ्यावरच्या घोंगडीखाली मायाप्पाची बोटं ताल धरायची. एकदा त्यानं हैबतीला विचारलंसुद्धा, "अण्णा, या दसऱ्याला मला रिंगणात घ्या. एकच फेर."

हैबतीनं जीभ चावली. "देवा, तुमी कसं नाचनार? देवाम्होरं रिंगण नाचतं. देव बसून बघतो."

मायाप्पानं मान खाली घातली. तो दसरा त्यानं बसूनच बघितला. असं म्हणतात, की त्या दिवशी देवाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि लोकांनी ते तीर्थ म्हणून बोटांनी डोळ्याला लावलं.

मग एक दिवस गावातली फुलाबाई आली. तिची तान्ही पोर तापानं फणफणली होती, डोळे पांढरे करत होती. वैद्य होता बाजारच्या गावी, सकाळी निघालं तर दुपार टळून जाईल इतका दूर. फुलाबाईनं पोर चौथऱ्यावर ठेवली आणि विचारलं, "देवा, हितंच ठिवू का हिला तुमच्या पायापाशी? बरी हुईल का?"

सगळ्यांचे डोळे मायाप्पाच्या उजव्या हाताकडं लागले. हात हलत होता.

"हलला! हितंच ठेव," हैबती म्हणाला.

मायाप्पा उठून उभा राहिला. बरेच दिवस बसून पाय आखडले होते, तो धडपडला, पण उभा राहिला. "नगं," तो म्हणाला. "फुले, पोर उचल आन् वैद्याकडं पळ. ह्यो देव न्हाय. ह्यो आजार हाय. हात माझा मलाच ऐकत न्हाय गं! म्या थांब म्हनलं तरी हलतोय."

फुलाबाईनं एकदा हैबतीकडं बघितलं, एकदा त्या हाताकडं बघितलं, आणि पोर छातीशी धरून पळत सुटली. पोर वाचली. ही सगळी हकीकत पुढं म्हातारपणी तिनंच गावाला सांगितली, म्हणून तर ती आज आपल्यापर्यंत आली. फुलाबाईनं वैद्याला त्या हाताचंही विचारलं होतं. वैद्य म्हणाला, कंपवात. याला औषध नाही. आज हात धरलाय, उद्या पाय धरील, मग चेहरा, मग जीभ, मग घास.

माणसाला फसवलं गेल्याचा राग येतो, पण आपणच आपल्याला फसवलं असलं तर तो दुप्पट येतो. "मंग इतके दिस आमी कुनाच्या पाया पडलो?" हैबती ओरडला. त्याच साली कोकणात मेंढरांना खुरांचा रोग पडला, कळप निम्मे होऊन परतले, आणि गावानं बोट दाखवायला माणूस शोधावा तर तो समोरच होता. देव नाही, तर मग देवाचा कोप. मायाप्पाला रिंगणाची बंदी झाली. गावात राहू नये, असंही ठरलं. ओढ्यापलीकडच्या माळावर एक मोडका मेंढवाडा होता, परत मिळालेली चार मेंढरं घेऊन तिथं दोघांनी खोपट घातलं.

तानू पेटून उठली होती. जन्मभर धरून ठेवलेलं सगळं बोलणं तिच्या तोंडून त्या माळावर बाहेर पडलं. "एक डाव गप बसला असता तर काय बिघडलं असतं? बसून खात हुतो. आता कोन इचारनार तुमास्नी? नाचायचं हुतं म्हनं! कुटं नाचनार? कुनाम्होरं?"

"फुलीची पोर मेली असती," मायाप्पा म्हणाला.

ते खरं होतं, म्हणून तानू आणखी चिडली. तिनं माहेरी जायचं ठरवलं. गाठोडं बांधलं, दारात ठेवलं. मायाप्पा तेव्हा पाणी प्यायला उठला होता आणि खोपटाच्या मधोमध अडकला होता. हल्ली असंच व्हायचं. पाय भुईला खिळल्यासारखे व्हायचे. मन पुढं जायचं, पाय जायचे नाहीत. रांजण दोन हातांवर, आणि तो तिथंच उभा, घाम फुटलेला. तानूला ते बघवेना आणि मदतीला जायचाही जीव होईना. रागारागानं तिनं लोकर पिंजायची कमान ओढली आणि पिंजायला बसली. ठ्यांव, ठ्यांव, ठ्यांव.

मायाप्पाचा पाय उचलला गेला.

तानूचा हात थांबला. पायही थांबला. तिनं पुन्हा तार छेडली. ठ्यांव. पाय पुढं पडला. ठ्यांव. दुसरा पडला. कमानीच्या तालावर तो रांजणापर्यंत गेला, पाणी प्यायला, आणि गिरकी घेऊन परत फिरला. गिरकी! नीट चालता न येणारा माणूस नाचत परत आला होता. तानू कमान टाकून हमसून हमसून रडली. मग उठली आणि दारातलं गाठोडं सोडून ठेवलं.

असं म्हणतात, की त्यानंतर त्या माळावरून रोज कमानीचा आवाज यायचा. लोकरीचा कण नसला तरी यायचा. तानू तार छेडी आणि मायाप्पा नाचे. पण हा नाच पूर्वीचा नव्हता. पूर्वीचा नाच आता त्याच्या अंगात मावतच नव्हता. हात वर नेला की थरथरे, पाय मधेच अडके, पुढं धावायला लागला की पावलं बारीक होत होत एकमेकांत गुंतत. पहिले काही दिवस तो पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. गुडघे फुटले. तानू हळद लावायची आणि म्हणायची, पुरे आता. तो ऐकत नसे. एके सकाळी वाड्यात मेंढी व्यायली. ओलं कोकरू भुईवर पडलं होतं आणि नुसतं थरथरत होतं.

"बग," मायाप्पा म्हणाला. त्याचा आवाज तोवर बारीक झाला होता, कान देऊन ऐकावा लागे. "बग कसं कापतंय. मरायला लागलंय म्हनून कापतंय का ते? उटायला लागलंय म्हनून कापतंय."

कोकरू थरथरलं, पुढच्या पायांवर आलं, पडलं, थांबलं, पुन्हा थरथरलं आणि उभं राहिलं. बारीक बारीक पावलं टाकत आईकडं धावलं. मायाप्पानं त्यातलं सगळं उचललं. थरथर उचलली, अडकणं उचललं, गुंतलेली पावलं उचलली. आजारानं जे जे मोडलं होतं ते त्यानं एकेक करून तालात बसवलं, आणि त्याचा एक नवा फेर झाला. तो फेर करताना तो आजारी आहे, हे कळायचं नाही. कोकरू उठतंय, एवढंच दिसायचं.

एकच गोष्ट बसेना. रुमाल. थरथरत्या बोटांतून तो सुटायचाच. दर वेळी सुटला की मायाप्पा तिथंच थांबायचा आणि मुकाट्यानं खोपटाच्या कडेला जाऊन बसायचा. बघायला कुणी नव्हतं, पण नेम म्हणजे नेम. तानूला ते सहन होईना. एक दिवस तिनं काळ्या मेंढीची लोकर घेतली, दुहेरी पीळ देऊन सूत कातलं, रुमालाचं टोक त्यात ओवलं आणि दोरा त्याच्या मनगटाला बांधला. मग पेटीतून एक जुना रुमाल काढला. भंडाऱ्यानं पिवळा पडलेला, पदराखाली लपवलेला तो. तोही दुसऱ्या मनगटाला बांधला.

"त्या दसऱ्याला ह्यो पडला हुता, मला ठावं हुतं," ती म्हणाली. "म्या बोलले न्हाय."

मायाप्पा तिच्याकडं बघत राहिला. तो हसला की नाही, तिला कळलं नाही. कारण वैद्यानं सांगितलेलं खरं होत चाललं होतं. आजारानं त्याचा चेहरा धरला होता. आनंद झाला तरी चेहरा दगडासारखा, दुःख झालं तरी तसाच. पुढं पुढं जीभही जड झाली. तानू भाकरी दुधात कालवून बोटानं भरवायची, आणि तोही घास घशात अडायचा. अंग चिपाडासारखं झालं. केरबा गावाच्या डोळ्याआड येऊन जायचा, ढोल घेऊनच यायचा. त्याला बोलायला काही सुचत नसे, म्हणून तो वाजवायचा, आणि मायाप्पाला बोलता येत नसे, म्हणून तो नाचायचा. तानू दोघांकडं बघत बसायची. मावळतीचं ऊन खोपटात यायचं आणि तिला वाटायचं, हे सरू नये. पण ते सरणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

असे किती दसरे गेले, ते कुणी सांगत नाही. शेवटच्या दसऱ्याला मायाप्पानं अंगरख्याकडं बोट दाखवलं. अंगरखा आता त्याच्या अंगावर काठीवर टाकल्यासारखा लोंबत होता. तानूनं बंद बांधले, रुमाल बांधले, कमान खांद्यावर घेतली आणि तार छेडत छेडत पुढं निघाली. मागून मायाप्पा. ओढा ओलांडून, बाभळी ओलांडून, भरदुपारी ते दोघं देवासमोर येऊन उभे राहिले.

ढोल थांबला. रिंगण थांबलं. कळप बाजूलाच निघायच्या तयारीत उभे होते. हैबती पुढं आला. तोही म्हातारा झाला होता. त्यानं मायाप्पाच्या मनगटांकडं बघितलं.

"रुमाल बांधलाय ह्यानं," तो म्हणाला. "ही देवासंगं लबाडी हाय."

"अण्णा," तानू म्हणाली, "रुमाल पडला तर बाहीर जायचं, ह्यो नेम. बांधू ने म्हनून कुनी सांगितलंय? पडू तर द्या. पडला की मी सोता हात धरून हिवराखाली नेते."

हैबती विचार करत होता तेवढ्यात केरबानं टिपरू टाकलं.

मायाप्पा रिंगणात शिरला. आधी तो नुसता उभा राहिला, अडकल्यासारखा. कुणीतरी हसलं. मग हात वर गेले आणि थरथरू लागले, आणि त्या थरथरीनं रुमाल असे फडफडले की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. तो वाकला, हात वरच धरून गुडघ्यांवर आला, थांबला, उठला. पावलं बारीक झाली, गुंतली, गुंतता गुंतता धावली. धनगरांच्या गावात ते काय आहे, हे कुणाला सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आपसूक शब्द निघाला, "कोकरू." त्या दिवशी माळावर वारा पडला होता, असं म्हणतात. हिवरमाळावर वारा कधी पडत नाही. पण झाडाचं पान हलत नव्हतं आणि मायाप्पाचे रुमाल तेवढे हलत होते. मग रिंगणातल्या एका गड्याचा हात तसाच थरथरायला लागला, मग दुसऱ्याचा, मग साऱ्यांचा. कळपातल्या साऱ्या गाभण मेंढ्या त्याच वेळी व्यायल्या, असंही म्हणतात. साऱ्या नसतील. एखादी व्यायली असेल.

ऊन उतरायला लागलं. कळपांनी निघायची वेळ टळून गेली. दमलेले गडी एकेक करून बाजूला झाले, शेवटी रिंगणात मायाप्पा एकटा उरला. आणि केरबा वाजवतच होता. त्याच्या तळव्याची सालटी निघाली, ढोलाच्या कातड्यावर तांबडे डाग पडले. कुणी म्हणालं, "केरबा, पुरं कर आता." केरबानं मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबत नव्हता. तानूनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला कळलं. ताल आहे तोवर मायाप्पा हलतोय. ताल थांबला, की तो थांबेल, आणि या वेळी थांबला की पुन्हा सुरू होणार नाही. हे केरबाला ठाऊक होतं. थांबवायचं ते केरबाच्या हातानं होणार नव्हतं.

शेवटी मायाप्पाच केरबाजवळ आला. त्यानं थरथरता उजवा हात ढोलाच्या कातड्यावर ठेवला. केरबाचं टिपरू हवेतच राहिलं. तरी ढोल वाजत होता. त्या हाताच्या कापऱ्यानं बारीक बारीक घुमत होता, आणि अख्खं गाव तो आवाज ऐकत होतं. मग तो हळू झाला. मग आणखी हळू. मग हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हात निवांत झाला होता.

मायाप्पा पडला नाही. ढोलाला टेकून उभाच होता. तानू जवळ गेली, तिनं त्याच्या नाकाशी हात धरला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोन्ही रुमाल मनगटांना होते. एकही भुईला लागला नव्हता.

हैबती पुढं धावला. त्यानं भंडाऱ्याची मूठ भरली आणि रडत रडत ओरडला, "देवच हुता ह्यो! देवच हुता! हितं ह्याचं ठाणं बांधू!"

"न्हाय," तानू म्हणाली. हिवरमाळावर इतक्या ठाम आवाजात कुणी बोललेलं नव्हतं. "देव म्हनू नगा. एकदा म्हनलासा तवा त्यास्नी बसवून ठिवलंत. मानूस हुते. आजारी हुते आन् नाचत हुते. सांगायचं तर एवढंच सांगा."

त्या संध्याकाळी कळप निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघाले. वाटेत रोग पडला नाही, असं म्हणतात. तानू त्या माळावरच राहिली आणि मरेपर्यंत काळ्या लोकरीचं सूत कातत राहिली. दर दसऱ्याला ते सूत ती देवासमोर आणून ठेवायची.

तिनं सांगितलं ते गावानं ऐकलं. हिवरमाळात आज बिरोबाला भिंती आहेत, कळस आहे, माइकसुद्धा आहे. पण मायाप्पाचं ठाणं नाही, मूर्ती नाही, त्याला नारळ फुटत नाही. दसऱ्याला नेमाचं रिंगण होतं, रुमाल पडलेले गडी आजही हिवराखाली जाऊन बसतात. मग शेवटचा फेर उरतो. तेव्हा हिवराखालच्यांना परत बोलावतात, आणि गावातलं जे कुणी म्हातारं, अधू, अर्धांग झालेलं, खाटेला खिळलेलं असेल त्याला आणतात, बाया असोत की बाप्ये. त्यांच्या मनगटांना काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं रुमाल बांधतात. ज्याला उठता येत नाही तो बसून हात हलवतो. ज्याला हातही हलवता येत नाही, त्याचा हात शेजारचा हलवतो. आणि बाकीचे, चांगले धडधाकट गडी, त्यांच्यासारखेच थरथरत, अडखळत, बारीक पावलं टाकत भोवती फिरतात. नवखा माणूस हसतो तो इथं.

हा फेर ढोलकरी थांबवत नाही. त्याला तो हक्कच नाही. हात उचलता येणाऱ्यांतलं जे सर्वांत दुबळं माणूस असेल, त्याला ढोलाशी नेतात आणि ते आपणहून कातड्यावर हात ठेवेपर्यंत ढोल वाजत राहतो. कधी लवकर ठेवतं, कधी ऊन उतरेपर्यंत ठेवत नाही. ढोलकऱ्याचे तळवे सोलून निघतात. बाजूला मेंढरं अंग घासत उभी असतात, घोड्यांवर बिऱ्हाडं लादलेली असतात, कोकणची वाट लांबची असते. पण हिवरमाळात त्या वेळी चला म्हणून कुणी म्हणत नाही.